प्रतिकारशक्ती वाढवायची की आवरायची? अ‍ॅलर्जी आणि ऑटोइम्यून आजारांविषयी

शेवंती

अंगावर पित्त उठलं, धूळ उडाली की शिंकांची माळ लागली, सांधे सुजले, की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "तुझी प्रतिकारशक्ती कमी झालीय, वाढवायला काहीतरी घे." मग काढे, पावडरी, गोळ्या सुरू होतात. मी मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि हे वाक्य चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकते. या आजारांत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती चांगली जागी असते, पण नको त्या गोष्टीवर तुटून पडलेली असते. तिला आणखी चेव आणून रुग्णाचं भलं होत नाही. यावर नीट बोलावं म्हणून हा धागा काढते आहे.

सुरुवात एका कुत्र्यापासून करते. 1901 च्या उन्हाळ्यात मोनॅकोचा प्रिन्स पहिला आल्बेर आपल्या जहाजावरून समुद्रसंशोधनाला निघाला तेव्हा शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ सोबत होते. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळे फुगे वाहून येतात ना, 'ब्लू बॉटल' म्हणतात ते, त्याच प्राण्याच्या विषाचा त्यांना अभ्यास करायचा होता. फ्रान्सला परतल्यावर तो प्राणी मिळेना, म्हणून त्यांनी समुद्री अ‍ॅनिमोनचं विष घेतलं. थोडं थोडं विष टोचून कुत्र्यांना त्याची सवय होते का, लशीसारखं संरक्षण मिळतं का, हा प्रश्न होता. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याने पहिला डोस सहज पचवला. साधारण तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा थोडंसं विष दिलं. काही क्षणांत त्याला धाप लागली, पाय लटपटले, रक्ताची उलटी झाली आणि 25 मिनिटांत तो मेला. विष वाढलेलं नव्हतं. मधल्या तीन आठवड्यांत कुत्र्याच्या शरीराने त्या विषाची ओळख पक्की करून ठेवली होती, आणि त्या ओळखीनेच त्याचा जीव घेतला. रिशे यांना 1913 चं नोबेल मिळालं ते या कामासाठी. आज आपण या प्रकाराला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतो.

आता ही ओळख रक्तात कुठे असते? 1921 मध्ये जर्मनीतल्या दोन डॉक्टरांनी स्वतःवरच प्रयोग केला. क्युस्टनर यांना शिजवलेला मासा चालत नसे, प्राउस्निट्झ यांना चालत असे. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनरच्या रक्ताचा थोडा सीरम (पेशी काढल्यावर उरतो तो द्रव) स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेवढ्याच जागी गांधी उठली, बाजूची कातडी तशीच राहिली. म्हणजे अ‍ॅलर्जी सीरममधून एका माणसातून दुसऱ्यात नेता येत होती. ते नेणारं नेमकं काय, हे कळायला 45 वर्षं गेली. 1966 मध्ये डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने ती अँटीबॉडी ओळखली, आणि त्याच सुमारास स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेन्निख यांनीही. तिचं नाव आयजीई. रक्तात ती अगदी नगण्य असते. तिचा मुक्काम असतो कातडी, नाक, श्वासनलिका आणि आतड्यातल्या मास्ट पेशींवर. शेंगदाण्याचं किंवा परागकणाचं प्रथिन आलं आणि शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटलं, की मास्ट पेशी आतली हिस्टामिनची साठवण मिनिटांत ओतते. केशवाहिन्या पाझरतात, गांधी उठते. नाक गळतं, श्वासनलिका आवळते. तेच सगळ्या अंगभर झालं तर रक्तदाब कोसळतो.

1963 मध्ये जेल आणि कूम्ब्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अशा अतिसंवेदनशील प्रतिक्रियांचे चार प्रकार मांडले. वर सांगितला तो पहिला.

दुसऱ्यात अँटीबॉडी थेट पेशीवर जाऊन बसते. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं की पुढच्या गरोदरपणात बाळाच्या लाल पेशी फुटू शकतात, तो हाच. प्रसूतीनंतर 72 तासांत आईला अँटी-डीचं इंजेक्शन देतात ते ही ओळख मुळात तयारच होऊ नये म्हणून. तिसऱ्या प्रकारात अँटीबॉडी आणि तिचं लक्ष्य यांच्या जोड्या रक्तात फिरतात आणि नळाच्या जाळीत गाळ बसावा तशा मूत्रपिंडाच्या गाळणीत, सांध्यांत, बारीक रक्तवाहिन्यांत बसतात. तिथे पूरक प्रथिनं (अँटीबॉडीला साथ देणारी रक्तातली प्रथिनं) चेततात आणि जळजळ सुरू होते. परळच्या हाफकिनचं नाव ऐकलेल्यांना माहीत असेल, सर्पदंशावरचा प्रतिविष सीरम घोड्याच्या रक्तातून काढतात. त्याने जीव वाचतो, पण आठवडा-दीड आठवड्याने काहींना ताप, सांधेदुखी आणि पुरळ येतं. घोड्याचं प्रथिन आपल्या शरीराला परकंच असतं ना. 1905 मध्ये व्हिएन्नात फॉन पिर्के आणि शिक यांनी घटसर्पाचा सीरम दिलेल्या मुलांत हेच पाहून लिहून ठेवलं होतं. (यामुळे कुणी साप चावल्यावर सीरम नाकारू नये. त्या तक्रारी औषधाने आटोक्यात येतात, विष थांबत नाही.)

चौथ्यात अँटीबॉडी नसतेच. टी पेशी (पांढऱ्या पेशींची एक जात) स्वतः येतात, आणि त्यांना यायला वेळ लागतो. टीबीसाठी हातावर मँटू टेस्ट टोचून "परवा दाखवायला या" सांगतात, कारण 48 ते 72 तासांनी तिथे गाठ येते. मोजायची ती गाठ, भोवतीची लाली नव्हे.

चौथ्या प्रकाराचे आपल्याकडे भरपूर अनुभव असणार. लिहा.

काजूबोंड

शेवंतीताई, आमच्याकडे तर हा घरचाच विषय. आजोळी काजू भाजायचे तेव्हा ज्याला त्याला अंगावर यायचं नाही, ठरावीक माणसांनाच. माझ्या मामाला काजूच्या टरफलाच्या तेलाचा नुसता धूर लागला तरी डोळे सुजून बंद व्हायचे. त्यालाच लहानपणी बिबा उतला होता, पोटरीवर फोड येऊन पाणी वाहायचं. आणि आता म्हातारपणी हापूसचा चीक ओठाला लागला तरी ओठाच्या कडेला काळं पडतं. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का? दुसरं म्हणजे, मामी उभा जन्म त्याच खोपटात काजू भाजत आली, तिला काही नाही. असं का?

शेवंती

संबंध आहे आणि घट्ट आहे. बिबा, काजू, आंबा ही तिन्ही एकाच कुळातली झाडं. बिब्ब्याच्या तेलात, काजूच्या टरफलात आणि आंब्याच्या चिकात जवळपास सारखी फेनॉल जातीची तेलं असतात. अमेरिकेत ज्या पॉयझन आयव्हीला लोक घाबरतात, तीही याच कुळातली. हे रेणू इतके छोटे असतात की एकटे असताना प्रतिकारयंत्रणा त्यांच्याकडे बघतही नाही. ते कातडीत शिरून आपल्याच प्रथिनाला चिकटले की ते प्रथिन परकं दिसू लागतं. कातडीतल्या पहारेकरी पेशी तो तुकडा उचलून जवळच्या लसीका गाठीत नेतात आणि तिथे टी पेशी तयार होतात. याला आठ-दहा दिवस तरी लागतात. त्या काळात बाहेर काहीच दिसत नाही. पुढच्या खेपेला तेच तेल लागलं की एक-दोन दिवसांत फोड येतात. एकदा बिब्ब्याची ओळख झाली की आंब्याच्या चिकालाही त्याच टी पेशी धावतात.

मामींना का नाही, याचं उत्तर अर्धं जनुकांत आहे आणि अर्धं पहिला संपर्क किती तीव्र आणि कोणत्या वाटेने झाला त्यात. बिब्ब्याचं तेल मात्र मुळातच दाहक आहे. पुरेसं लागलं तर ओळख नसलेल्या कातडीलाही ते भाजतं.

परीट कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करायचे तेव्हा गिऱ्हाइकांच्या मानेवर आणि कमरेवर नेमका त्या खुणेच्या जागी चट्टा उठायचा. आता परिटांची खूण गेली, तिच्या जागी टिकलीचा गोंद, खोट्या दागिन्यांतलं निकेल आणि केसांचा काळा रंग आला. मेंदीत पीपीडी हा रंग मिसळून 'काळी मेंदी' विकतात, तिने लग्नाच्या आदल्या दिवशी हात फोडांनी भरलेल्या मुली मी पाहिल्यात. अशा मुलीने पुढे कधीही केसांना काळा डाय लावू नये. ती ओळख सहसा जन्मभर राहते.

नीरेकाठचा

मी फलटणकडचा. आमच्या वडलांना गाजरगवताचा त्रास आहे. दरवर्षी पावसाळा सरला आणि गवत फुलावर आलं की तोंड, मान, पापण्या, कोपराची आतली बाजू, सगळं जाड आणि काळं पडायचं. नखाने खाजवून रक्त निघायचं. गावात म्हणायचे उन्हाने होतंय. शेवटी कातडीच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून टेस्ट केली, दोन दिवसांनी पट्ट्या काढल्यावर गाजरगवताच्या जागी लालभडक उठलं होतं. आता ते शेतात उतरतच नाहीत, बांध मी साफ करतो. माझा प्रश्न असा, मलापण होईल का? मी रोज उपटतो.

शेवंती

दादा, पट्ट्यांची टेस्ट केली हे फार बरं झालं. चौथ्या प्रकारासाठी तीच खरी तपासणी. रक्तातल्या आयजीईवरून हे कळत नाही. गाजरगवत मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याची ठळक नोंद झाली ती 1950 च्या दशकात, पुण्यात. त्यातलं पार्थेनिन हे रसायन पानांवरच्या बारीक केसांत असतं. वाळलेला चुरा वाऱ्याने उडतो आणि उघड्या कातडीवर बसतो, म्हणून जखमा तोंड-मान-पापण्यांवर येतात आणि उन्हाचा दोष वाटतो. पुढे पुढे काहींची कातडी खरोखरच उन्हालाही संवेदनशील होते.

तुम्हाला होईलच असं नाही. पण रोज उघड्या हाताने उपटण्यात धोका आहे, कारण ही ओळख वर्षानुवर्षांच्या संपर्कानंतरही होते. फुलावर यायच्या आधी उपटा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला रुमाल, आणि घरी आल्यावर कपडे वेगळे धुवा. वाळलेलं गवत जाळू नका.

दादरकर

2025 मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून मुंबईत जे काही झालं त्यात दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलं. आजार नेमका काय ते मात्र फार थोड्यांनी समजावून सांगितलं. माझ्या सासूबाई त्याच आजाराने ऑक्सिजनवर आहेत. खिडकीच्या सज्जावर कबुतरं बसायची, त्या रोज तो सज्जा झाडायच्या. दोन-अडीच वर्षं कोरडा खोकला होता. दमा समजून पंप दिले, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या दिल्या, काही उपयोग नाही. सीटी स्कॅन झाला तेव्हा फुप्फुसात जाळं धरल्याचं कळलं. अ‍ॅलर्जीच म्हणायची तर गोळ्यांनी का थांबली नाही?

शेवंती

सासूबाईंबद्दल वाचून वाईट वाटलं. गोळ्या हिस्टामिन अडवतात, आणि या आजारात हिस्टामिनचा फारसा संबंध नाही. कबुतराच्या विष्ठेतली आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीतली प्रथिनं फुप्फुसाच्या पार आतल्या हवापिशव्यांत पोचतात. तिथे आयजीजी नावाची दुसऱ्या जातीची अँटीबॉडी आणि टी पेशी दोन्ही कामाला लागतात, म्हणजे तिसरा आणि चौथा प्रकार एकत्र. एकदम भरपूर धूळ गेली तर चार ते आठ तासांनी थंडीताप येतो आणि लोकांना फ्लू वाटतो. थोडी थोडी रोज जात राहिली तर तापही येत नाही, हळूहळू जखमेच्या व्रणासारखा तंतू धरत जातो. धरलेला तंतू पुसता येत नाही, म्हणून लवकर ओळखणं महत्त्वाचं. साखर कारखान्यात बुरशी धरलेल्या जुन्या बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) धुळीने कामगारांना होणारा आजार याच घरातला.

ज्यांच्या घरी अंगभर थकवा आणि न हटणारा कोरडा खोकला आहे, त्यांनी डॉक्टरांना कबुतरांबद्दल आपणहून सांगा. विचारलं जाईलच असं नाही.

मैत्रेयी_न

मी वेगळ्या कारणाने लिहिते आहे. माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस आहे. वरचं सगळं बाहेरून आलेल्या गोष्टींबद्दल आहे, शेंगदाणा, चीक, कबुतर. तिच्या बाबतीत बाहेरचं काहीच नाही. स्वतःचंच शरीर स्वतःवर उलटतं, हे तिला आणि आईला कसं समजावून सांगू? आईला वाटतं तिच्याकडून काहीतरी राहून गेलं. 2020 मध्ये करोनाच्या काळात नातेवाइकांनी गुळवेलीचा काढा पाठवला, "हिचीच प्रतिकारशक्ती कमी, हिला आधी द्या" म्हणून. तिच्या डॉक्टरांनी तो बंद करायला लावला, त्यावरून घरात अबोला झाला. आणि तेव्हा तिची रोजची हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी दुकानांतून गायब झाली होती, ते वेगळंच.

शेवंती

मैत्रेयी, तुमच्या आईंना आधी एक सांगा. यात त्यांच्याकडून काहीही राहिलेलं नाही.

स्वतःवर उलटू शकणाऱ्या पेशी प्रत्येकाच्या शरीरात जन्मतात. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. शरीर जगातल्या कुठल्याही जंतूला ओळखता यावं म्हणून टी पेशींची आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींची ओळखयंत्रं जनुकांचे तुकडे जोडून अंदाधुंद तयार करतं. त्यात काही आपल्याच इन्सुलिनला, आपल्याच डीएनएला चिकटणारी निघतात, त्याला इलाज नाही. म्हणून छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. तिथे टी पेशींची परीक्षा होते. एअर नावाच्या जनुकामुळे थायमसमधल्या पेशी स्वादुपिंड, थायरॉइड अशा दूरच्या अवयवांची प्रथिनं नमुन्यादाखल बनवून दाखवतात. ज्या टी पेशी त्यांना घट्ट चिकटतात त्यांतल्या बहुतेक तिथेच मारल्या जातात. ज्या काहीच ओळखत नाहीत त्याही जातात. थायमसमध्ये तयार होणाऱ्या टी पेशींपैकी 95 टक्क्यांहून अधिक बाहेर पडतच नाहीत.

तरी काही निसटतात. त्यांना कोण आवरतं, यावर फार वर्षं वाद होता. शिमोन साकागुची यांनी जपानमध्ये चिकाटीने एक गोष्ट धरून ठेवली: जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी उंदराचा थायमस काढला तर त्याला ऑटोइम्यून आजार होतात, आणि निरोगी उंदराच्या टी पेशी दिल्या तर ते टळतात. म्हणजे टी पेशींतच आवर घालणारी एक जात असली पाहिजे. 1995 मध्ये त्यांनी ती ओळखून दाखवली. तिकडे अमेरिकेत मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल एका खवलेदार कातडीच्या उंदरांच्या वंशाचा अभ्यास करत होते. त्यातले नर काही आठवड्यांतच मरायचे, कारण त्यांच्या टी पेशी स्वतःच्याच अवयवांवर चाल करत. 2001 मध्ये त्यांना बिघडलेलं जनुक सापडलं, फॉक्सपी3. हेच जनुक बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, जुलाब, इसब असं सगळं एकदम होतं. साकागुचींच्या आवर घालणाऱ्या पेशी याच जनुकावर चालतात. या तिघांना 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

बहिणीच्या शरीरात हा आवर ढिला पडला आहे आणि तिच्या बी पेशी पेशीकेंद्रातल्या डीएनएविरुद्ध अँटीबॉडी बनवतात. त्यांच्या जोड्या मूत्रपिंडात बसतात, वर सांगितलेला तिसरा प्रकार. आवर का ढिला पडतो, याचं एकच उत्तर नाही. ल्युपस दहा रुग्णांत सुमारे नऊ बायकांना होतो. त्यात एक्स गुणसूत्रावरच्या टीएलआर7 सारख्या जनुकांचा वाटा आहे. जुळ्यांचं बघा: आमवातात एका एकसारख्या जुळ्याला आजार असला तर दुसऱ्याला तो साधारण 15 टक्के वेळाच होतो, म्हणजे जनुकं सारखी असूनही बरंच काही बाहेर ठरतं. विषाणूही कारण होतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (यात प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते) 2022 साली अमेरिकेच्या 1 कोटी सैनिकांच्या नोंदींवरून दिसलं की एप्स्टीन-बार विषाणूची लागण झाल्यावर धोका 32 पट वाढतो. पण हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाला होऊन जातो आणि आजार फार थोड्यांना.

काढ्याबद्दल तिच्या डॉक्टरांनी योग्यच केलं. करोनाच्या पहिल्या वर्षी गुळवेल घेतल्यावर कावीळ झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताला झालेली इजा ऑटोइम्यून हेपटायटिससारखी होती.

वैद्य_औंध

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे, व्यवसाय करतो. शेवंतीताईंचं बाकी लेखन उत्तम आहे, पण या मुद्द्यावर दुसरी बाजू यायला हवी. आयुष मंत्रालयाने त्या अहवालावर तेव्हाच आक्षेप घेतला होता. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे तपासलेलं नाही असं त्यांचं म्हणणं होतं. कुंपणावरची वेल तोडून लोक काढे करत होते. मात्रा नाही, काळ नाही, प्रकृती पाहणं नाही. तो आयुर्वेद नव्हे.

शेवंती

वैद्यराज, आक्षेप इथे नोंदवलात हे चांगलं झालं, आणि कुंपणावरच्या वेलीबद्दल पूर्ण सहमत. माझं म्हणणं मर्यादित आहे. गुळवेल प्रतिकारयंत्रणेला चेतवते, हा दावा विकणारेच करतात. दावा खरा असेल तर ल्युपस, ऑटोइम्यून हेपटायटिस, आमवात असलेल्या माणसाने ती घेणं धोक्याचं आहे. म्हणून अशा रुग्णांना कुणीही, आपल्या वैद्यांनीसुद्धा, आधी आजार विचारल्याशिवाय देऊ नये.

वैद्य_औंध

आजार विचारल्याशिवाय देऊ नये, यावर दुमत नाही.

पिंपळपान

मला सात-आठ महिने रोज संध्याकाळी गांधी उठतायत. आई आमसुलाचं पाणी लावते, त्याने खाज जरा निवते. एका लॅबमध्ये भलंमोठं अ‍ॅलर्जी पॅनल केलं, त्यात वांगं, तूरडाळ, शेंगदाणा, गहू असं बरंच 'पॉझिटिव्ह' आलं. सगळं बंद केलं, आठ किलो वजन उतरलं, गांधी तशाच. सोबत एएनए (स्वतःच्याच पेशीकेंद्राविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी) केली तीही 'पॉझिटिव्ह, 1:80'. आता नेटवर वाचून ल्युपसची भीती बसली आहे.

फिजिशियन_मिरज

मी या धाग्यावर वाचनमात्र होतो, पण हे वाचून लिहितो.

आधी एएनए. पूर्ण निरोगी माणसांतही 1:80 ला, म्हणजे सीरम ऐंशी पट पातळ केल्यावरही, ती आठ-दहा जणांत एकाला पॉझिटिव्ह निघते, 1:40 ला तर जवळपास तिघांत एकाला. सांधे सुजणं, तोंडात व्रण, उन्हाने चेहऱ्यावर पुरळ, लघवीतून प्रथिन जाणं, यांतलं काहीच नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. लक्षणं नसताना ही तपासणी करूच नये.

पॅनलचंही तसंच. रक्तात आयजीई सापडली याचा अर्थ शरीराने ते प्रथिन कधीतरी पाहिलं आहे. तूरडाळ खाल्ल्यावर मिनिटांत किंवा फार तर तास-दोन तासांत काही होत नसेल तर ती अ‍ॅलर्जी नव्हे. सहा आठवड्यांहून जास्त चाललेल्या गांधींमागे अन्न असणं विरळाच. अनेकांत शरीर स्वतःच्या आयजीईविरुद्ध किंवा मास्ट पेशीवरच्या तिच्या जागेविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. थायरॉइडची ऑटोइम्यून तक्रारही सोबत दिसते, तेव्हा टीएसएच करून घ्या. वांगं, डाळ, शेंगदाणा, सगळं पुन्हा सुरू करा. झोप न आणणारी अँटिहिस्टामिन रोज, ठरल्या वेळी, गांधी नसतानाही घ्यायची. गरज पडली तर डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत नेतात, त्यानेही थांबलं नाही तर आयजीईला अडवणारं ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन आहे. आमसुलाच्या पाण्याने बरं वाटत असेल तर लावत राहा.

आलोच आहे तर दोन गोष्टी आणखी. आमवाताच्या रुग्णांना बाजारात 'सांध्यांची पुडी' मिळते. पहिल्याच आठवड्यात दुखणं थांबलं, चेहरा गोल सुजला, साखर वाढली, की त्यात स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता धरा. 1948 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या बाईला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली, इतकं ते प्रभावी औषध आहे. डॉक्टरच्या हातात ते मोलाचं आहे. पण पुडीतून महिनोन्‌महिने जात राहिलं तर हाडं पोकळ होतात आणि शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल बनणं थांबतं. अशी पुडी घेत असाल तर एकदम बंद करू नका. डॉक्टरला दाखवा, हळूहळू उतरवावी लागते.

दुसरी गोष्ट मेथोट्रेक्सेट. आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्याने तोंड सोलून, रक्तपेशी घटून माणसं दगावतात. मी पाकिटावर वार लिहून देतो, 'फक्त रविवार', आणि घरातल्या आणखी एका माणसाला समोर बसवून सांगतो.

मैत्रेयी, बहिणीची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बरं वाटलं तरी बंद होऊ देऊ नका. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी.

मैत्रेयी_न

डॉक्टर, पडद्याची तपासणी राहिली होती, पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली. शेवंतीताई, तुमचा थायमसचा परिच्छेद आईला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितेय. मुलाला शेंगदाण्याची खरी अ‍ॅलर्जी आहे, दोनदा ईआरमध्ये (तातडीच्या विभागात) जाऊन आलोय. डिसेंबरात सोलापूरला नणंदेच्या मुलीचं लग्न आहे आणि मला आत्तापासून झोप नाही. कोशिंबिरीत कूट, खिचडीत कूट, भाजीच्या रश्श्यात कूट. दुसरं बाळ सहा महिन्यांचं आहे. त्याला शेंगदाण्यापासून लांबच ठेवू ना?

शेवंती

धाकट्याबद्दल उलट पुरावा आहे. 2015 मध्ये निकाल आलेल्या लंडनच्या एका अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली 640 बाळं घेतली. अर्ध्यांना पाच वर्षांचं होईपर्यंत शेंगदाणा दिला, अर्ध्यांना टाळायला सांगितलं. टाळणाऱ्यांत सुमारे 17 टक्क्यांना अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांत सुमारे 3 टक्क्यांना. पोटातून झालेली ओळख बहुधा सहनशीलतेकडे जाते, इसबाने फाटलेल्या कातडीतून झालेली ओळख अ‍ॅलर्जीकडे. तुमच्या घरी थोरल्याला धोका आहे आणि धाकट्याला इसब असेल तर तपासणी आधी लागेल, म्हणून हे तिकडच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना विचारूनच सुरू करा. आणि देताना पातळ पेस्ट, अख्खा दाणा कधीच नाही. लग्नाबद्दल डॉक्टर सांगतील.

फिजिशियन_मिरज

एपिनेफ्रिनचे दोन पेन (दाबले की आपोआप टोचणारी इंजेक्शनं) तिकडूनच आणा, भारतात ते सहज मिळत नाहीत. एक मुलाजवळच्या माणसाच्या खिशात आणि दुसरा दुसऱ्या जाणत्या माणसाकडे. दोन्ही बॅगेत घालून खोलीवर ठेवू नका. गांधींसोबत घरघर, आवाज बसणं, उलट्या किंवा गळाठून जाणं दिसलं की लगेच पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचा, कपड्यांवरून चालेल. मुलाला आडवं करा, पाय वर, उठवून चालवू नका. धाप असेल तर बसू द्या. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा पेन. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, काही तासांनी पुन्हा उलटू शकतं.

आपल्याकडे रिअ‍ॅक्शन म्हटलं की एव्हिल (अँटिहिस्टामिन) आणि डेक्साचं (स्टिरॉइडचं) इंजेक्शन द्यायची सवय आहे. त्याने खाज कमी होते, कोसळलेला रक्तदाब उठत नाही. अ‍ॅड्रेनालिनची (म्हणजे एपिनेफ्रिनचीच) काचेची कुपी स्वस्त असते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही असते. तुम्ही नाव घेऊन मागा. मात्रा वजनावर, किलोला 0.01 मिलिग्रॅम, स्नायूत. मुलाच्या तिकडच्या डॉक्टरांकडून वजन आणि मात्रा लिहिलेलं पत्र घ्या आणि त्याची मराठी प्रत करून आचाऱ्याकडे, नणंदेकडे, कार्यालयाच्या मॅनेजरकडे द्या. त्यात नुसतं 'पीनट' लिहू नका. शेंगदाणे, कूट, शेंगदाणा तेल, शेंगाचटणी, चिक्की, दाण्याचा लाडू, आणि तळणीची तीच कढई, असं एकेक लिहा.

एडिसनकर

शेंगाचटणी तर सोलापुरात पानात वाढतातच. यादी आजच नणंदेला पाठवते आणि मुलाचं ताट आईच्या हातचं घरूनच नेते.